उलट्या बाजूचं क्राउन

अंजनगाव सुर्जीत दर्यापूर रस्त्याला अय्युब मिस्त्रीचं वर्कशॉप आहे. पाटी नाही. टिनाचं शेड, समोर बाभूळ, बाभळीखाली ऑइल पिऊन डांबरासारखी झालेली माती, आणि त्या मातीत रुतून बसलेले जुन्या ट्रॅक्टरांचे सांगाडे. होळी झाली की इथं रांग लागते. हरभरा निघालेला असतो, गहू निघत असतो, आणि सोंगणीला, म्हणजे कापणीला, जुंपलेले ट्रॅक्टर पुन्हा नांगराला जुंपायचे असतात.

ज्याच्यात दम आहे तो नवा हार्वेस्टर घेतो. बाकीचे बापाच्या काळातल्या ट्रॅक्टरवर सोंगणीच्या यंत्राचं धूड चढवतात आणि लोकांची वावरं सोंगत पार अकोल्यापर्यंत हिंडतात. शेषराव त्यांतलाच. धूड चढवायचं म्हणजे नुसते बोल्ट आवळायचे नाहीत. कटर येतं ट्रॅक्टरच्या पाठीकडं, म्हणून ट्रॅक्टरच पाठीकडं चालवावा लागतो. सीट फिरवायची, स्टिअरिंग फिरवायचं, डावं चाक उजवीकडं आणि उजवं डावीकडं टाकायचं, म्हणजे टायरच्या नक्ष्या माती धरतात. आणि खरं काम आत असतं. मागची हाऊसिंग उघडून क्राउन, म्हणजे ते परातीएवढं दातेरी चाक, या बाजूचं काढून त्या बाजूला बसवायचं. तसं केलं की पुढचे सगळे गिअर मागं पळतात आणि मागचा एकुलता एक गिअर पुढं. सोंगणी संपली की हे सगळं परत उलट.

या होळीनंतर शेषराव वर्कशॉपच्या बाजेवर बसला होता. धूड उतरून बाजूला पडलेलं. अय्युब हाऊसिंगच्या बोल्टला पाना लावत होता.

"मिस्त्री, क्राउन राहू दे तसंच."

अय्युबचा हात थांबला. "तसंच म्हंजे?"

"सोंगणीच्या बाजूनं. सीट फिरव, स्टिअरिंग फिरव, चाकं टाक, नांगर जोड. आत हात नोको लावू."

"अन् तो चालवन कसा? पुढं जाले एकच गिअर राह्यते."

"चालवन गोगलगायीवानी. चार दिवसात येईन माह्या दारात."

"भाऊ हाये तुमचा, पाटील."

"म्हनूनच."

अय्युबनं तोंडातली सुपारी थुंकली. "खरंच एकाच बापाचे हा काय तुमी दोघं?"

बाप मेला तेव्हा वावराचे दोन तुकडे झाले. पुढचा, रस्त्यालगतचा शेषरावला. मागचा धाकट्या ललितला. मधे धुरा, मातीचा बांध. ट्रॅक्टरचे तुकडे होत नाहीत. पंचांनी डोकं लावलं की सोंगणीच्या दिवसांत ट्रॅक्टर थोरल्याचा, नांगरणी-पेरणीच्या दिवसांत धाकट्याचा. न्याय करणाऱ्या माणसांना घरी जेवायला जायची घाई असते. त्यांनी हे ठरवलं आणि उठले, आणि दोघा भावांना दर हंगामाला एकमेकांचा गळा धरायची सोय करून गेले.

आणि मागच्या पितरपाट्यात जमुना मेली.

जमुना ललितची बायको. त्या पंधरवड्यात कोणी नवं काम काढत नाही. शेषरावनं काढलं. अकोल्याकडं कोणाचं तरी सोयाबीन लवकर पिकलं होतं, म्हणून दिवस ललितचे असताना ट्रॅक्टर त्याच्या दारातून काढून नेला आणि धूड चढवायला मिस्त्रीकडं खोलून टाकला. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी जमुनेला सोयाबीनमधे साप चावला. पाऊस लागलेला. इकडची माती भिजली की मोटरसायकल सोडा, बैलबंडी निघत नाही. निघतो फक्त ट्रॅक्टर. ललित चिखलातून पळत थोरल्याच्या दारात आला तेव्हा शेषराव म्हणाला, "मिस्त्रीकडं खोललेला हाये. आता काय खांद्यावर आनू?"

जमुना दुसऱ्या दिवशी मागच्या वावरातल्या टिनाच्या खोलीतच गेली. शेषरावला विचाराल तर तो आजही म्हणेल, साप काय मी सोडला होता? गावातही निम्मे लोक हेच म्हणतात. ज्याला पुढच्या हंगामात हार्वेस्टर लागतो तो हार्वेस्टरवाल्याला पापी म्हणत नसतो.

त्यानंतर ललित गावातलं घर बंद करून त्याच टिनाच्या खोलीत राहू लागला. तिकडं जायची वाट शेषरावच्या वावरातून होती. शेषरावनं तीही नांगरून टाकली.

ट्रॅक्टर ललितकडं गेला आणि शेषराव वाट पाहू लागला.

त्याचं घर वावरातच, रस्त्याला लागून. सकाळ झाली की मागून इंजिनचा आवाज येई. तो चहा घेत ऐके आणि मनात म्हणे, आता येईन बोंबलत. ललित आला नाही. आवाज दिवसभर, एका लयीत, जेवणापुरता बंद. आणि आवाजात खटकणारी गोष्ट ही की तो एका गिअरात कण्हणाऱ्या ट्रॅक्टरचा नव्हता. चांगला मोकळा पळत होता.

शेवटी तो स्वतःच धुऱ्यापर्यंत गेला. ऊन चांगलं तापलं होतं. त्याच्या बाजूला हरभरा निघालेल्या जमिनीला भेगा पडलेल्या, पाय जाईल एवढ्या. ललित पलीकडच्या टोकाकडं चालला होता, सीटवर ताठ, मान न वळवता. नांगर जमिनीत होता. शेषरावनं नांगराचं तास पाहिलं आणि हसला. नांगर चालून गेलेल्या जागी माती उलटलेलीच नव्हती. सपाट. येडं भौ, नांगर टेकवून नुसतं खेळून राहिलं.

मग त्याला टायरची खूण दिसली. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरची नक्षी बाणासारखी उमटते, आणि तो बाण पाहून शेंबडं पोरगंही सांगेल ट्रॅक्टर कुठून कुठं गेला. ललित त्याच्या डोळ्यांदेखत तिकडं गेला होता. बाण इकडं आला होता.

चाकं अदलाबदल करताना मिस्त्री चुकला असेल, शेषराव मनाशी म्हणाला आणि घरी आला.

घरी त्याची पोरगी होती. प्रणाली. एकुलती एक. सातवा लागला म्हणून होळीलाच माहेरी आणलेली. मृगाच्या तोंडावर बाळंतपण. शेषरावसारख्या माणसाची जीभही या पोरीपुढं मऊ होत असे. तिच्यासाठी ओसरीला कूलर बसवला होता, आणि येणाऱ्या लेकरासाठी अंगणातल्या कडूनिंबाच्या फांदीवर झोका टांगायची जागा आतापासून पाहून ठेवली होती. त्याची बायको पंचफुला म्हणे, "आपल्या वक्ताले यवढे लाड केले असते तं."

त्या दिवशी पंचफुला चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "पोरीचा गाऊन ढिल्ला होऊन राहिला."

"ऊन लागलं असन. खात नाई बरोबर."

"खाते तं," पंचफुला म्हणाली.

पुढच्या वेळी शेषराव धुऱ्यावर गेला तेव्हा ललितच्या वावरात हरभऱ्याची थुटं उभी होती.

थुटं म्हणजे सोंगणीनंतर राहतात ती बोटभर खुंटं. एरवी ती दिसण्यात नवल नव्हतं, पण ललितनं सगळं वावर नांगरलेलं त्यानं स्वतः पाहिलं होतं, होळीच्या आधीच, भाड्याच्या ट्रॅक्टरनं. आता ढेकळं नव्हती. वावर नांगरलेलंच नव्हतं. आणि त्याच्या बाजूची भेग धुऱ्यापाशी येऊन, कोणी चिमटीत धरून शिवल्यासारखी, बंद झाली होती. पलीकडं एकही भेग नव्हती.

त्यानंतर काही दिवसांनी थुटांवर हरभरा उभा होता, वाळलेला, घाटे भरलेले. वाऱ्यावर खुळखुळत होता. तोच हरभरा होळीच्या आधी शेषरावनं स्वतःच्या हार्वेस्टरनं सोंगून दिला होता, परक्या माणसाचा घेतो तसा भाव घेऊन. शेषराव धुऱ्यावर उभा राहून बघत राहिला. ट्रॅक्टर पिकातून चालला होता आणि पीक मोडत नव्हतं. नांगराच्या पुढं हरभरा पिवळा, नांगराच्या मागं जरा हिरवट.

गावात कोणाला सांगावं? वाट त्यानंच नांगरलेली. तिकडं कोणी जातच नव्हतं.

हरभरा पार हिरवा झाला त्या दिवशी त्यानं वाकून धुऱ्यापलीकडं हात घातला, एक पान चोळलं आणि बोट जिभेला लावलं. आंबट. हरभऱ्याच्या पानाला थंडीत जी आंब सुटते ती. चैत्राचं ऊन डोकं फोडत होतं, आणि हाताला पहाटेचा गारवा लागला होता. तो गारवा घरी येईपर्यंत गेला नाही.

प्रणालीला अमरावतीला नेलं. राजापेठेतला दवाखाना, खाली ट्यूशनच्या पोरांच्या गाड्यांची गर्दी, वर बायकांची. डॉक्टरीण बाईनं पोटावर मशीन फिरवलं आणि म्हणाली, "बाळ छान आहे. पाचवा महिना."

"सातवा," पंचफुला म्हणाली.

"तारखा चुकल्या असतील, आई. होतं असं."

"होते असं? डोहाळजेवन माह्या हातानं केलं मी. चोळी शिवली. तुमी मले शिकवता?"

डॉक्टरीण बाई हसली, जसं खेड्यातल्या बायकांना हसतात तसं, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. संध्याकाळी जावयाचा, विपुलचा, फोन आला. त्याची आई मागून बोलत होती, ते ऐकू यावं एवढ्या मोठ्यानं. विपुल म्हणाला, "मामाजी, सातव्याचा पाचवा कसा होते? आमाले येडे समजता काय तुमी? का आधी खोटं होतं, का आता खोटं हाये." शेषरावनं आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

खरी गोष्ट त्याला प्रणालीनंच सांगितली, न सांगता. ओसरीवर ती बाजेवर बसली होती. मागच्या वावरात इंजिन सुरू झालं. तिनं बाजेची कड घट्ट धरली.

"काय झालं, बाई?"

"काही नाही बाबा. हा आवाज आला की तो आत सरकते."

"सरकते म्हंजे? फिरते?"

"फिरत नाही." तिनं शब्द शोधला. "जागा सोडते."

दोन दिवस आधी ललितचं डिझेल संपलं होतं आणि मागं शांतता होती. त्या दोन दिवसांत पोरगी नीट जेवली होती, आणि पोटात लाथ बसली म्हणून हसलीही होती.

शेषराव उठला, चप्पल न घालता, आणि धुरा ओलांडला. पायाखाली एकदम ओली, गार माती आली. हरभरा नव्हता आता. नुसतं पेरलेलं वावर होतं, सऱ्या काढलेल्या. पुढं, टोकाला, सोयाबीनची थुटं दिसायला लागली होती. तो ट्रॅक्टरच्या आडवा उभा राहिला.

ललितनं इंजिन बंद केलं नाही. फक्त क्लच दाबला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, पण चेहरा निवांत. शेषरावला तो निवांतपणा शिवीसारखा लागला.

"काहून आला?"

"थांबव हे."

"माहे दिवस हायेत. पंचांनी ठरवलं."

"प्रणालीचं पोट उतरून राहिलं, ललित. लेकरू चाललं तिचं."

ललितनं जरा विचार केला. खरंच केला, असं दिसलं. "तुही नात असन नाई तं नातू. मले वाईट वाटते."

"मंग थांब ना बे."

"जमुनेच्या वक्ताले मी आल्तो तुह्या दारात. तू काय म्हनला?"

शेषरावनं मातीत रुतलेला पाय उपसला.

"म्हन ना. खांद्यावर आनू काय, म्हनला. मले येते पाठ."

"किती मागं नेनार?"

"तू ट्रॅक्टर नेला त्याच्या आदल्या दिवसापर्यंत. पितरपाटा लागाच्या आधी. मंग ट्रॅक्टर तुहा, वावर तुहं. मले काई नोको." क्लचवरचा पाय सुटत आला. "सरक, दादा. मले क्लच धरून नाई ठेवता येत. जुना हाये."

शेषराव सरकला. ही गोष्ट तो नंतर पंचफुलेला बोलला नाही. आडवा पडला असता, ट्रॅक्टर थांबलाही असता. पण अंग आपोआप बाजूला झालं.

घरी येऊन त्यानं पंचफुलेला एकच विचारलं. तिनं बोटांच्या पेरांवर हिशोब केला, बायका करतात तसा, आणि तिचा चेहरा पडला. पोरीला दिवस गेले ते पितरपाट्यातच. त्याच्या आधी काही नव्हतं.

"मंग तिच्या पोटात काय राहीन?" पंचफुला म्हणाली.

चौथ्या दिवशी दुपारी ललित डिझेलचा डबा घेऊन पायी अंजनगावला निघालेला शेषरावनं पाहिला. तो नजरेआड झाल्याबरोबर यानं मोटरसायकल काढली, आडवाटेनं वर्कशॉपला पोचला, आणि अय्युबला हत्यारांसकट मागं बसवून आणलं. वर्कशॉपमधला घनही उचलला.

"घन कायले?" अय्युबनं विचारलं.

"चाल तू."

धुऱ्यावर अय्युब थांबला. या बाजूला भेगाळलेलं, पांढरं पडलेलं रान. त्या बाजूला गुडघ्याच्या वर सोयाबीन, शेंगा भरत आलेल्या, पानांवर पाणी. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

"पाटील, हे काय हाये?"

"सोयाबीन हाये. कदी पाह्यलं नाई?"

अय्युबनं काहीतरी पुटपुटत पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि तो चिखलात उतरला. ट्रॅक्टर टिनाच्या खोलीजवळ, निंबाखाली उभा होता. खोलीचं दार लोटलेलं. शेषरावनं तिकडं पाहिलं नाही. अय्युबनं ऑइल सोडलं, चाकं काढली, हाऊसिंग उघडली. घाम त्याच्या दाढीवरून टपकत होता आणि बोटं गारठून लाल झाली होती. क्राउन दिसायला लागलं तेव्हा तो मागं सरकून बसला.

"सीधं हाये."

"काय?"

"नांगराच्या बाजूनं हाये. मी तेवाच सीधं बसवलं होतं, पाटील. तुमच्या खुन्नशीपायी माह्या हातचं काम लंगडं जाऊ देऊ काय मी? तुमाले हो म्हनलं अन् माह्या मनाचं केलं."

"मंग हा मागं कसा चालते?"

"कोन म्हनते मागं चालते?"

शेषरावनं जमिनीकडं बोट केलं. ओल्या मातीत बाण उमटले होते. अय्युबनं ते पाहिले, मग चाकं पाहिली, डावं कुठलं उजवं कुठलं ते हात लावून पाहिलं, मग परत माती पाहिली. मग बराच वेळ फडक्यानं हात पुसत राहिला. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिला.

"मी हे बंद करतो. मले इथं नाई थांबाचं."

"काढ ते बाहेर."

"सीधं हाये म्हनलं ना."

"काढ."

क्राउन बाहेर आलं. पोत्यावर ठेवलं, ऑइलनं काळं, चकचकीत. शेषरावनं घन उचलला.

"पाटील, नोको. भंगारातबी नाई भेटत हे आता."

पहिल्या घावाला दाता उडाला. मग दुसरा. पोलाद फुटताना काचेसारखा आवाज आला. शेषराव मारत राहिला, दात्यांचं वर्तुळ तुटून बोळक्यासारखं होईपर्यंत. मग त्यानं घन टाकला. त्याला वाटलं, झालं. वाचलं. आता मागंही नाही आणि पुढंही नाही, पण पोरगी वाचली.

सोयाबीनमधे वारा नव्हता.

टिनाच्या खोलीत बाज करकरली.

अय्युबनं शेषरावकडं पाहिलं. शेषरावनं अय्युबकडं.

"आला काय?" आतून बाई म्हणाली. आवाज बारीक, दमलेला. "अवो, ट्रॅक्टर आला काय?"

दोघांपैकी कोणी हललं नाही.

"अंग जड पडून राह्यलं माहं. आला काय ट्रॅक्टर?"

धुऱ्याकडून ललित येत होता, डिझेलचा डबा खांद्यावर. त्यानं तिचा आवाज ऐकला होता. तो पळत होता. निंबाखाली येऊन थांबला. डबा खाली ठेवला, सांडू नये असा हळू. उघडी हाऊसिंग पाहिली. पोत्यावरचं क्राउन पाहिलं.

तो शेषरावच्या बाजूनं आत गेला.

त्यांनी तिला उचललं, ललित आणि अय्युबनं, बाजेसकट. अय्युब रडत होता आणि त्याला ते कळत नव्हतं. धुऱ्यापलीकडं कोरडी जमीन होती, मोटरसायकल होती, रस्ता होता. धुऱ्यावर पाय ठेवताच बाज हलकी झाली. बाजेवर गोधडी होती, आणि गोधडीला माणसाचा खळगा. मागं खोलीत, जमिनीवर, जमुना विचारत होती, ट्रॅक्टर आला काय.

परत नेलं. परत तेच.

सरकारी दवाखान्याच्या नर्सबाईला आणलं, इंजेक्शनची पेटी घेऊन. ती दारात उभी राहिली. तिला रिकामी बाज दिसली. तिनं तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि येताना ठेवलं नव्हतं तेवढं अंतर ठेवून परत गेली.

या गोष्टीला आता पावसाळा लोटला. मृग आला आणि गेला. प्रणाली माहेरीच आहे. विपुलकडचे लोक येऊन तिचं सामान ठेवून गेले. पोट सपाट आहे. पाळी येत नाही. पंचफुला मेडिकलमधून तपासायची पट्टी आणते. एक रेघ ठळक उठते आणि दुसरी इतकी पुसट की एकीला दिसते आणि दुसरीला दिसत नाही. दर वेळी तेवढीच. मायलेकी ती पट्टी उजेडात धरून भांडतात.

ललित क्राउन शोधत हिंडतो. अकोल्याचा भंगार बाजार झाला, अमरावतीचा झाला, कोणी सांगितलं म्हणून पार पंजाबकडं जाऊन आला. मिळालं तर बसवायचं आणि एक फेरा मारायचा, मागच्या अंगानं, साप चावायच्या आधीपर्यंत. शेषरावलाही कधी कधी वाटतं, मिळावं. मग आपण आधी सीटवर चढू आणि पुढच्या अंगानं मारू. दोघांनाही हे ठाऊक आहे. अय्युबनं मात्र सांगून टाकलं आहे की भेटलं तरी मी बसवणार नाही, माह्या हातानं कोन मरन ते मले नाई ठरवाचं.

ललित गावाला गेला की जमुनेपाशी कोणीतरी बसावं लागतं. शेषरावशिवाय कोणी नाही. तो धुरा ओलांडतो, ओल्या सोयाबीनमधून जातो आणि दारात उंबऱ्याबाहेर बसतो. जमुना चांगल्या घरची. हयातीत कधी भासऱ्याशी, नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलली नाही. काही सांगायचं तर तिसऱ्या माणसाकरवी, सासूला नाही तर शेजारणीला पुढं करून. शेषरावची सावली दारात पडली की ती कण्हायचं थांबते, सुजलेला पाय लुगड्याखाली घेते, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढते.

मग खोलीतल्या रिकाम्या कोपऱ्याकडं तोंड करून म्हणते, "त्याईले इचार ना वं, ट्रॅक्टर आला काय."

ती कोपऱ्याकडं पाहत थांबते, आणि जराशानं, कोणीतरी उत्तर दिल्यासारखी, मान हलवते.